वऱ्हाडासाठी ठरवलेली गाडी आणि आमच्या उन्हाळी सहली: बेळगावातील एका भाड्याच्या गाडीच्या सेवेविषयी

बेळगावात सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने देणारे व्यावसायिक पुष्कळ आहेत. लग्नसराईत वऱ्हाड, श्रावणात देवदर्शन, नाताळात गोवा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सहली असा त्यांचा वर्षाचा क्रम ठरलेला असतो. गाड्या बहुतेकांच्या बऱ्या असतात, दरही थोड्याफार फरकाने सारखेच असतात. त्यामुळे कोणाकडून गाडी घ्यावी हे ठरवताना आपण शेवटी ओळखीवरच जातो. शहापूर भागातील ज्या छोट्या व्यवसायाकडून आमच्या कुटुंबाने या उन्हाळ्यात गाडी घेतली, त्याच्याविषयी सविस्तर लिहावे असे मला वाटले, कारण गिऱ्हाईक अडचणीत आले असता त्याच्याशी कसे वागावे याचा चांगला वस्तुपाठ तेथे आम्हाला पाहायला मिळाला. व्यवसायाचे नाव येथे देत नाही. या लिखाणात आमच्या घरची गोष्ट आहे, आणि नावावरून ती गावात लगेच ओळखली जाईल.

माझ्या पुतणीचे लग्न या मे महिन्यात कोल्हापूरच्या बाजूला व्हायचे होते. मे निवडण्यामागे सीमाभागातील घरांचे नेहमीचे गणित होते. कर्नाटकातील शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुट्टी लागते आणि मे संपता संपता त्या पुन्हा भरतात, तर महाराष्ट्रातील शाळांची सुट्टी मेमध्ये सुरू होऊन जूनच्या मध्यापर्यंत चालते. त्यामुळे बेळगावची आणि कोल्हापूर-इचलकरंजीची भावंडे एकत्र यायला मेचेच काय ते आठवडे मिळतात. त्या हिशोबाने मुहूर्त काढला, कार्यालय ठरले, आणि वऱ्हाडासाठी या व्यवसायाच्या दोन गाड्या इसार देऊन पक्क्या केल्या.

पुतणी उद्यमबागेतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात काम करते. मुलाकडची मंडळी पाहायला आली तेव्हा तिची नोकरी चालू राहील, हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर ठरले होते. साखरपुडा झाल्यावर ते बोलणे हळूहळू फिरत गेले, आणि पत्रिका वाटायला सुरुवात झाली असताना नोकरी सोडण्याचा निरोप मध्यस्थामार्फत आला. पुतणीने दादांना, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंना, समोर बसवून सांगितले, ‘पप्पा, आत्ताच शब्द फिरवालेत, तर पुढं काय करतील? मला हे लग्न नको.’ दादा रात्रभर झोपले नाहीत, आणि सकाळी त्यांनी मध्यस्थाला मध्ये न घालता स्वतः फोन करून लग्न होणार नसल्याचे कळवले. बापलेकीच्या त्या निर्णयाचा मला मनापासून अभिमान आहे. हे सारे मी पुतणीच्या संमतीनेच लिहीत आहे.

पुढचे दिवस हिशोबात गेले. आचारी, मंडप, बँड, कार्यालय, प्रत्येकाला कळवायचे आणि प्रत्येकाचे उत्तर ऐकून घ्यायचे. कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी भरलेली रक्कम परत मिळणार नाही असे एका वाक्यात सांगून फोन ठेवला. ती तारीख पुढे त्यांनी दुसऱ्या लग्नाला दिली, हे आम्हाला नंतर कळले. तरीही आमच्या रकमेबद्दल चकार शब्द निघाला नाही. अशा मनःस्थितीत मी गाड्यांच्या मालकांकडे गेलो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले, लग्न का मोडले हे विचारले नाही, आणि वहीत आमच्या नावासमोरची रक्कम दाखवून म्हणाले, ‘पैसे तुमचेच हाईत ओ. लग्नाला न्हाई तर पोरांना घेऊन कुठंतरी फिरून या की. जूनपर्यंत कवाबी सांगा, ह्यातनंच वळतं करू.’ दोनपैकी एका गाडीचा इसार त्यांनी तेथेच रोख परत केला, कारण ती गाडी त्या तारखेला दुसरीकडे जाईल अशी त्यांना खात्री होती. दुसरीची रक्कम आमच्या खात्यावर राहिली, आणि वहीतील ते पान त्यांनी मला मोबाइलवर छायाचित्र काढून घ्यायला लावले.

सहलींना जाण्याची कल्पना घरात प्रथम कोणालाच रुचली नाही. लग्न मोडलेल्या घरातून गाडी भरून माणसे फिरायला निघाली तर लोक काय म्हणतील, ही वहिनींची काळजी होती. प्रत्यक्षात मात्र घरात बसणे अधिक कठीण होत चालले होते. रोज कोणीतरी येत होते, आवाज खाली आणून बोलत होते, पुतणीकडे पाहून सुस्कारा टाकत होते. ते सारे आपुलकीने येत होते यात शंका नाही, परंतु ज्या मुलीने विचारपूर्वक निर्णय घेतला तिला रोज नव्याने दुःखी चेहरा करून बसावे लागत होते. सुट्टीसाठी आलेली लहान मुले तर माडीवर कोंडल्यासारखी झाली होती. शेवटी आमच्या आईनेच निकाल दिला, ‘गाडी बोलवा. मला हलशीचं देऊळ बघायचं हाय.’

खरे तर मुलांना गोकाकचा धबधबा पाहायचा होता आणि मी फोनवर तेच ठरवले होते. आदल्या संध्याकाळी चालकांचा फोन आला. गोकाकला घटप्रभा सुमारे 52 मीटर उंचीवरून कोसळते हे खरे, पण ते रूप पावसाळ्यातले. एप्रिल-मेमध्ये बहुतेक दिवस नुसता कातळ पाहावा लागतो, आणि त्या कातळावर दुपारचे ऊन म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. मार्कंडेय नदीवरच्या गोडचिनमलकीचीही तीच गत असते. गोकाकची फेरी हलशीपेक्षा लांबची, म्हणजे किलोमीटर अधिक आणि भाडेही अधिक. ते नुकसान पत्करून आम्हाला जवळच्या ठिकाणी वळवणारा माणूस मला विश्वासाचा वाटला. उन्हाळ्यात बेळगावहून धबधब्यांच्या सहली आखणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे लक्षात ठेवावे, कारण समाजमाध्यमांवर फिरणारी गोकाकची छायाचित्रे जुलै-ऑगस्टची असतात.

अशा रीतीने आम्ही खानापूरमार्गे हलशीला गेलो. गोव्याच्या कदंबांच्या काळातील, बाराव्या शतकातले भूवराह नरसिंहाचे हे मंदिर आमच्या भागातील फार मोठी ठेव आहे. दोन गर्भगृहे एकमेकांसमोर आहेत. एका दाराशी उभे राहून मागे वळले की समोरच्या दारातून दुसरा देव दिसतो, आणि मधल्या मंडपात भर दुपारीही गारवा असतो. मुले तेथे लगेच रमली. परतताना नंदगडला थांबून इंग्रजांविरुद्ध लढलेले कित्तूरचे वीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या समाधीचे दर्शन घेतले. 1831 मध्ये इंग्रजांनी त्यांना याच गावाजवळ फाशी दिले होते. चालक बैलहोंगलकडचे, मातृभाषा कन्नड. रायण्णांविषयी त्यांनी मुलांना मोडक्या मराठीत जे सांगितले ते पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक जिवंत होते, कारण त्यात त्यांनी लहानपणी ऐकलेल्या लावण्यांच्या ओळी होत्या.

हलशीच्या मंदिरातच एक प्रसंग घडला, आणि या सेवेविषयी माझे मत त्यावरून बनले असे म्हणता येईल. आमच्या ओळखीचे एक कुटुंब तेथे भेटले. त्यांना लग्न मोडल्याचे कळले नव्हते. त्या बाईंनी पुतणीचा हात धरून पत्रिकेचे, शालूचे, मुहूर्ताचे विचारायला सुरुवात केली, आणि तिला काय बोलावे ते सुचेना. चालक पलीकडे ओट्यावर बसले होते. ते उठून दोन पावले पुढे आले आणि मोठ्याने म्हणाले, ‘अक्का, आज्जी बोलवालेत बघा गाडीकडं.’ आईने तिला बोलावलेच नव्हते. ती तर आतल्या गर्भगृहासमोर हात जोडून उभी होती. पुतणी निघून गेली, आम्ही मोठ्यांनी त्या बाईंना बाजूला घेऊन काय ते सांगितले, आणि गाडीत बसल्यावर चालकांनी त्याविषयी एक अक्षर काढले नाही. लग्नाचे भाडे सहलीत बदलले म्हणजे मागे काय घडले असेल हे त्यांना ठाऊक असणारच. पण उन्हाळाभर त्यांनी आम्हा कोणालाही एक प्रश्न विचारला नाही. पैसे देऊन अशी समज विकत घेता येत नाही, आणि म्हणूनच ज्या व्यवसायाने असा माणूस सांभाळून ठेवला आहे त्याचे कौतुक करावेसे वाटते.

कणकुंबीची सहल आम्हाला सगळ्यांत अधिक आवडली. जांबोटीच्या पुढे झाडी दाट होत जाते आणि बेळगावची धग मागे पडते. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे आणि माउलीचे देऊळ आहे. येथून निघणारी मलप्रभा पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळते, तर याच डोंगररांगेतील म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. दादांनी हे मुलांना सांगितले तेव्हा लग्न मोडल्यापासून प्रथमच ते एखाद्या विषयावर मोकळेपणाने बोलताना दिसले. बरोबर आणलेली चपाती, शेंगाचटणी आणि दहीबुत्ती झाडाखाली खाल्ली. परतीच्या वाटेवर जांबोटीच्या अलीकडे वळीव कोसळला. चालकांनी ताबडतोब गाडी रस्त्याच्या कडेला मोकळ्या जागी, झाडापासून दूर घेतली, दिवे चालू ठेवले आणि पाऊस ओसरेपर्यंत थांबले. घाई करा असे आम्ही म्हटले असते तरी त्यांनी ऐकले नसते, हे त्यांच्या बसण्यावरून कळत होते. पाऊस थांबल्यावर करवंदे विकणाऱ्या बायका पानांचे द्रोण घेऊन काचेशी आल्या, आणि खिडकीच्या जागेवरून पुतणी आपल्या धाकट्या भावाशी कडाकडा भांडली. वहिनी पुढच्या आसनावर बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून कोणालाही गप्प केले नाही.

गाडीविषयी सांगायचे तर ती नवी नाही, पण स्वच्छ आहे. पायऱ्या उंच आहेत, आणि पहिल्या दिवशी आईला चढताना दोघांनी धरावे लागले. पुढच्या वेळी गाडी दारात आली तेव्हा चालकांच्या आसनाखालून एक लाकडी पाट निघाला. त्याच्या तळाशी जुन्या टायरच्या रबराच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या, म्हणजे तो डांबरावर सरकू नये. पाट कोणी करायला सांगितला नव्हता. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर प्रथम पाट खाली येई आणि मग आई.

लग्नाची म्हणून ठरलेली तारीख जवळ आली तसे घरात पुन्हा दडपण आले. त्या दिवशी काय करायचे हे कोणी बोलत नव्हते. पुतणीनेच विषय काढला. ती म्हणाली, ‘काका, गाडी त्या दिवसासाठीच सांगितलेली होती न्हवं? मग त्याच दिवशी जाऊया की. आंबोलीला.’ मला प्रश्न पडला तो गाडीचा. दाट मुहूर्ताचा दिवस होता, अशा दिवशी गाड्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर चढ्या भाड्याने मिळतात. मालकांनी मात्र आमची गाडी कोणालाही दिलेली नव्हती. तुम्ही घेणार नाही असे जोवर सांगत नाही तोवर ती तुमचीच, असे ते म्हणाले, आणि भाडे मूळ ठरलेल्या दरानेच लावले. आदल्या रात्री गाडी दुसऱ्या एका वऱ्हाडाहून उशिरा परतली होती. पहाटे दारात आली तेव्हा तिच्यावर झेंडूचे एक पान नव्हते. पुढच्या काचेवर, जेथे वधूवरांच्या नावांचा कागद चिकटवतात, तेथे चिकटपट्टीच्या कडा खरवडून काढल्याच्या बारीक रेघा तेवढ्या दिसत होत्या आणि काच ओली होती. चालकांनी झोप मोडून ते काम केले होते, हे उघड होते. दादांनी खाली उतरून त्यांचा हात हातात घेतला.

गाडी महामार्गाला न लागता हिंडलग्याच्या बाजूने निघाली. बाची ओलांडले की शिनोळीला महाराष्ट्र लागतो, पुढे चंदगड तालुक्यातील काजूच्या बागा, आणि मग चढण. आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम एका गुहेतील शंकराच्या देवळाशी होतो. मे महिन्यातही तेथले पाणी पायांना कळ आणण्याइतके गार असते. ही नदी पुढे आजरा, संकेश्वरकडून जाऊन घटप्रभेला मिळते. मुहूर्ताची वेळ होऊन गेली तेव्हा आम्ही सगळे त्या पाण्यात पाय सोडून बसलो होतो, आणि इचलकरंजीहून आलेली भाचरे दगडाखालचे खेकडे शोधत होती. वेळ झाली आणि गेली हे वहिनींच्या आणि माझ्या लक्षात आले. पुतणीच्या लक्षात आले की नाही हे मी विचारले नाही. संध्याकाळी महादेवगडाच्या टोकावर धुके आले, सगळ्यांनी भाजलेली कणसे खाल्ली, आणि रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत घरी परतलो.

आता उणिवा. वातानुकूलन पुढच्या ओळींपर्यंत चांगले पोहोचते, शेवटच्या ओळीत मात्र दुपारी उकडते. ती ओळ मागच्या चाकांच्याही मागे येत असल्याने खड्ड्यांचा धक्का तेथे सर्वाधिक बसतो; वयस्कर माणसांना आणि गाडी लागणाऱ्यांना तेथे बसवू नये. मधल्या काही आसनांचे पट्टे आत अडकलेले होते. मी ते मालकांना दाखवले, त्यांनी एका सहलीनंतर दुरुस्त करून घेतले, परंतु लहान मुले बसवणाऱ्या गाडीत ही गोष्ट गिऱ्हाइकाने दाखवण्याची वेळ येऊ नये. बिल हाताने लिहिलेले मिळते आणि त्यावर नुसती एकूण रक्कम असते. सुरुवातीचे व शेवटचे किलोमीटर लिहून मागितल्यावर त्यांनी कुरकुर न करता दिले, पण मागावे लागले. दुपारी दोन ते चार मालक फोन उचलत नाहीत.

ज्यांनी अशी गाडी कधी घेतलेली नाही त्यांच्यासाठी काही गोष्टी लिहितो, कारण वाद बहुधा यांवरूनच होतात. भाडे किलोमीटरवर असते, पण दिवसाला किमान ठरावीक किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात. त्यामुळे कणकुंबी-हलशीसारख्या जवळच्या फेरीला ते किमान किती, आणि अर्ध्या दिवसाचा वेगळा दर आहे का, हे आधी विचारावे. किलोमीटर आपल्या दारापासून मोजत नाहीत, गाडी जेथे उभी असते तेथून निघून तेथे परत येईपर्यंत मोजतात. चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग यांचा हिशोब वेगळा असतो. आपण सीमेवरची माणसे, सकाळी निघून दुपारपर्यंत सहज महाराष्ट्रात किंवा गोव्यात असतो. म्हणून पिवळ्या पाटीच्या गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, हे इसार देण्यापूर्वीच पाहून घ्यावे. तो नसेल तर दुसऱ्या राज्याचा परवाना आणि कर भरावा लागतो, आणि तो कोणी भरायचा यावरून ऐन तपासणी नाक्यावर वाद होतात. आमच्या गाडीला तो होता, आणि त्याची प्रत चालकांनी पहिल्याच दिवशी न मागता दाखवली. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. ती भाड्याने देणे नियमाला धरून नसते, आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळणे कठीण होते.

रात्रीच्या प्रवासासाठी या व्यवसायाकडे जाऊ नये, कारण मालक रात्री उशिरा घाटातून गाडी सोडत नाहीत आणि त्यावर घासाघीस चालत नाही. लग्नासाठी, देवदर्शनासाठी किंवा घरातील म्हातारी माणसे बरोबर असलेल्या सहलीसाठी मात्र मी त्यांचे नाव निःशंकपणे सुचवीन. ज्यांना हवे असेल त्यांना प्रत्यक्ष भेटीत सांगेन. आमचा इसार आंबोलीच्या फेरीत संपला आणि वरचे पैसे आम्ही चुकते केले. जुलैअखेरीला घटप्रभा भरल्यावर गोकाकला जायचे ठरले आहे. त्याचे पैसे या वेळी पुतणीने आपल्या पगारातून भरले आहेत, आणि चालक तेच हवेत असे मालकांच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून आली आहे.